बारावी रांग

गुडघ्यांसाठी घेतली होती मी ती जागा,
सातशे रुपये जादा भरून.
कुणाचे प्राण वगैरे
डोक्यातही नव्हते.

दारं लागण्याआधी ती मुलगी आली.
छातीवरच्या पट्टीवर नाव, लालरिनी.
वेळ आलीच तर हे दार उघडाल का,
तिनं हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत,
आणि मी यस म्हणालो,
भाजीवाला कोथिंबीर टाकू का विचारतो
तेव्हा म्हणतो तसं,
पेपरची घडी न मोडता.
मधल्या मुलानं कानातलं न काढता
मान हलवली. झालं.

खिडकीशी हौसाबाई काळभोर.
म्हणाल्या, थांब गं बाई.
हे आत ओढायचं का बाहेर टाकायचं?
वजन किती?
आणि बाहेर जाळ असला तर?

मुलीला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न समजला असावा,
कारण ती वाटेतच गुडघ्यांवर बसली.
हातांनी दाखवलं: आधी काचेतून बघायचं.
मग झाकण. मग दांडा. मग बाहेर.
पंद्रह किलो, म्हणाली.
हौसाबाई म्हणाल्या, म्हणजे तेलाचा डबा.
आणि समाधानानं पट्टा आवळला.

मग लोहगावच्या धावपट्टीच्या तोंडाशी
आम्ही अर्धा तास उभे.
हवाई दलाची विमानं आधी, मग आपण;
पुण्यात राहायचं तर हे धरून चालायचं.
एकेक सुटताना
समोरच्या जाळीतली बाटली थरथरायची
आणि त्या बोलत होत्या,
भोसरीत बावीस वर्षं प्रेसवर होते म्हणून.
उजवी करंगळी अर्धी होती. त्याबद्दल काही नाही.
बोलल्या ते लाल बटणाबद्दल.

लाल बटण सगळ्यांना ठाऊक होतं हो.
दर सोमवारी साहेब दाखवायचा.
सुलभाचा हात आत गेला
तेव्हा आम्ही आठ जणी तिथं उभ्या.
आठही जणी ओरडलो.
मीसुद्धा.
ओरडून झाल्यावर बटण आठवलं मला.

विमानातलं गार वारं जोरात यायला लागलं.
मग माझ्याकडे वळून, शाळेतल्या बाईंसारखं नाही,
पोळी वाढू का विचारावं तसं:
तुम्ही हो म्हणालात ना,
सांगा बघू, आधी काय करायचं?

मी लेखापरीक्षक. तीस वर्षं
लोकांना हेच विचारत आलोय,
सही तुमची आहे ना,
मग वाचलं होतं का?
दांडा, म्हटलं. ओढायचा.
आणि बघायचं कुणी, तुमच्या आजोबांनी?
मधला मुलगा हसला. म्हणजे
कानात काहीच वाजत नव्हतं त्याच्या.

दिल्लीपर्यंत काहीही झालं नाही.
कार्ड मी दोनदा वाचलं.
त्या झोपल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत;
हात मात्र मांडीवर मोकळा ठेवलेला,
पिशवीसुद्धा वर ठेवायला दिलेली.
उतरताना दाराच्या कडेवरून बोट फिरवलं,
रबर बरं आहे, म्हणाल्या,
आणि गर्दीत मुलाला शोधत निघून गेल्या.

चौथ्या दिवशी रात्री वडगावला परत.
लिफ्ट बंद म्हणून सात मजले चढून आलो
आणि पहिल्यांदाच नीट बघितलं
मागच्या जिन्याचं दार.
कुलूप.
किल्ली पाटणकरांकडे,
पाटणकर मार्चपर्यंत मेलबर्नला, मुलीकडे.
दारापुढे दोन सायकली, एक गादी,
आणि एक कुंडी, वाळक्या मोगऱ्याची.
ती आमचीच.

बॅग खाली ठेवली.
कुंडी उचलून बघितली, मातीसकट.
तेलाचा डबा, थोडा जास्तच.
कंबरेत कळ आली.
कोण आहे, बायकोनं आतून विचारलं,
आणि ती घाण आत आणू नका हं.

नाही, म्हटलं.
बाहेर टाकायची असते.